एकतीस गुणांचे पान

मी एक जुने प्रगतिपुस्तक आहे, आणि माझ्या पहिल्याच पानाचा कोपरा फाटलेला आहे. मित्रांनो, त्या कोपऱ्याचीच ही हकिगत.

छापखान्यातून मी कोरे करकरीत बाहेर पडले. नववी ते बारावी, वर्षाला एक पान. शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या मुलीच्या वाट्याला मी आले. नववीत गणितात तिला एकतीस गुण मिळाले. शेऱ्याच्या रकान्यात गुरुजींनी लिहिले, ‘काही विचारत नाही.’ तिने मला चार दिवस उशीच्या अभ्र्यात लपवले. मला तिची फार दया आली. ढ नव्हती हो ती, नुसती भित्री होती.

दहावीत मात्र तिने मनाचा हिय्या केला. रोज मधल्या सुट्टीत एक गणित घेऊन ती गुरुजींपुढे उभी राहायची. बिचारे हातातला घास डब्यात ठेवून समजावत बसत. त्या वर्षी सेहेचाळीस. अकरावीत त्रेसष्ट. बारावीत एकोणऐंशी, आणि शेरा: ‘फार विचारते!’ मी सगळ्या आळीत मिरवले.

तिला हवे होते ते कॉलेज भारी चोखंदळ. जागा चाळीस, आणि चारही वर्षांचे गुण पाहणार. मुलाखतीच्या सकाळी मुलगी वेणी घालत असताना आईने नववीचे पान खळ लावून माझ्या पुठ्ठ्याला चिकटवले आणि वरून इस्त्री फिरवली. “झाकली मूठ सव्वा लाखाची,” ती पुटपुटली. मला बोलता येत असते तर मी ओरडले असते.

मुलाखत घेणाऱ्या बाईंनी मला उघडले. “नववी कुठे आहे?”

मुलीने माझा जाड पुठ्ठा चाचपला आणि तिचा चेहरा उतरला. “आईनं चिकटवलंय, बाई. चुकलं आमचं.” तिने नखाने पान सोडवले. टर्रकन कोपरा फाटला.

बाईंनी चारही पाने वाचली. शेवटच्या शेऱ्याला त्यांना हसू आले. “नव्वदवाले बाहेर रांगेनं बसलेत. तुझे एकोणऐंशी त्यांच्यापुढे कमीच. पण एकतीसवरून इथवर आलेलं कुणी नाही. जागा मिळेलच असं नाही सांगत, पण हे मी निवड समितीपुढे ठेवीन.”

पहिल्या यादीत तिचे नाव नव्हते. घरात कुणी धड जेवले नाही. दुसऱ्या यादीत होते, शेवटून दुसरे. आई मला छातीशी धरून रडली आणि मुलीला म्हणाली, “तुझी पहिली पायरीच झाकत होते गं मी!”

आता मी कपाटात असते. फाटके सांधणे हा आईचा धंदाच, पण माझा कोपरा तिने तसाच ठेवला आहे.

मित्रांनो, मला वाळवीपासून, ओलीपासून जपा. आणि एकोणऐंशीला जपाल तसेच त्या एकतीसलाही जपा. ती चढायला लागली ती तिथूनच.