एकोणीस घरं

लढाईत कामी आलेल्या गावच्या जवानांचं स्मारक उभारायचं ठरलं, चौकात दगडही येऊन पडला, आणि मग कळलं की नावांची यादीच धड नाही. कचेरीतल्या कागदांचा पुराच्या पाण्यात लगदा झाला होता. समितीच्या प्रमुख, शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका, तडक निवृत्त पोस्टमनकाकांकडे गेल्या. जवान गेल्याच्या एकोणीसच्या एकोणीस तारा त्यांनीच पोचवल्या होत्या.

काकांना घरं तोंडपाठ होती. पण नावं नीट लिहून आणायची म्हणजे पुन्हा त्याच दारांत उभं राहायचं. लढाईच्या दिवसांत त्यांची सायकल करकरत गल्लीत शिरली की बायका खिडक्या लावून घेत. निवृत्तीनंतरही ते भाजी आणायला त्या गल्ल्या टाळून, लांबचा वळसा घालून जायचे.

काकू म्हणाल्या, "तुम्ही फक्त निरोप पोचवलात. जा गुमान."

पहिलं दार शिंपीणबाईंचं. त्यांचा एकुलता एक मुलगा गेला होता. म्हातारीने चष्म्यावरून पाहिलं आणि शिवणयंत्र थांबवलं. काकांनी खाली मान घालून काम सांगितलं. तिने मुलाचं नाव सांगितलं, काना-मात्रेसकट दोनदा वाचून दाखवायला लावलं. काका उठू लागले, तशी म्हणाली,

"बसा भाऊ. मला वाचता येत नव्हतं. तार तुम्ही वाचून दाखवलीत, पण लगेच निघाला नाहीत. माझी बहीण येईपर्यंत उंबऱ्यावर बसून राहिलात. पिशवीत गावभरची पत्रं, तरी हलला नाहीत. त्या दुपारी मी एकटी नव्हते, ते तुमच्यामुळे. इतकी वर्षं सांगायचं राहून गेलं."

काका पुन्हा खाली बसले. ही बाई आपलं तोंडही पाहणार नाही, असं ते धरून चालले होते.

पुढची घरं सोपी गेली. कुठे फोटो निघाले, कुठे चहा झाला. सुतारांच्या घरी गेलेल्या जवानाचे थकलेले वडील म्हणाले, "तुझ्या सायकलीला तेल मिळालं का रे कधी?" आणि दोघंही डोळे पुसत हसले. सातव्या चहानंतर मात्र काकांनी हात जोडले.

इकडे समितीत नावांच्या क्रमावरून जुंपली. कुणी म्हणे हुद्द्याप्रमाणे, कुणी म्हणे वर्णानुक्रमाने. शिंपीणबाई बैठकीला आल्या आणि म्हणाल्या, "पोरं शेजारी शेजारी वाढली. घरांच्या ओळीनेच लिहा." यावर वाद घालायची कुणाची छाती झाली नाही.

अनावरणाच्या सकाळी नावं वाचायचा मान काकांना दिला. चार नावं झाली आणि त्यांना पुढे वाचवेना. तेव्हा पाचवं नाव गर्दीतून त्या मुलाच्या बहिणीने घेतलं. सहावं एका भावाने. असं एकेका घराने आपलं नाव मोठ्याने उच्चारलं. काका बाजूला उभे राहून, प्रत्येक नावाला मान लववत ऐकत राहिले.

घरी जाताना ते भाजी घ्यायला सरळ रस्त्याने गेले. तासभर लागला, दर दाराशी कुणीतरी थांबवत होतं.