गोटीचा नवरा

"गोटी, थांब ना जरा," मागून जावई म्हणाला, आणि सगळ्यांत पुढे चढ चढणाऱ्या बाबांचा पाय पेडलवर आणखी जोरात पडला.

गोटी हे नाव त्यांनी ठेवलेलं होतं. पोरगी लहानपणी कुठल्याही उतारावर सोडली की घरंगळत सुटायची, म्हणून गोटी. तिची आईसुद्धा तिला खऱ्या नावानंच हाक मारायची. जगात हे नाव घेणारा एकच माणूस होता, आणि लग्नाला वर्ष होतंय न होतंय तोच जावयानं ते उचललं होतं, न विचारता, खुंटीवरची टोपी उचलावी तसं.

ऊन सकाळपासूनच तापलं होतं. दोन्ही बाजूंना झाडाचं नाव नसलेले डोंगर, तपकिरी, भाजून भेगाळलेले. त्यांच्या पोटावरून रस्ता वळणं घेत खिंडीकडे गेलेला. तिन्ही सायकलींवर संसार बांधलेला होता: हँडलला तंबू, सीटमागे कपडे, दांड्याखाली भांडी. पाण्याची मोठी पिशवी बाबांच्या कॅरिअरवर होती. ती नेहमी त्यांच्याकडेच असायची.

एका इस्पितळाच्या तळघरात एक्स-रे काढण्यात बाबांचा जन्म गेला होता. श्वास घ्या, रोखा, सोडा. काचेआडून दिवसभर तेवढंच बोलायचं. खिडकी नसलेल्या त्या खोलीतून ते वर्षातून एकदा सुटत, आणि सुटत ते लेकीबरोबर. ती शाळेत होती तेव्हापासून. बापलेकीनं सायकलवर समुद्रकाठ पालथा घातला, जंगलं पाहिली, एकदा गारपिटीत सापडून दोघं एका गोठ्यात गाईंच्या शेजारी झोपली. या वाळवंटी डोंगरांचा बेत मात्र दोघांनी वर्षानुवर्षं राखून ठेवला होता. आणि या खेपेला नकाशा पसरल्यावर ती सहज म्हणाली, की तोही येतोय.

बाबा म्हणाले, बरंच झालं. बायकोनं त्यांचा चेहरा ओळखला होता. आता लेक वाटून घ्यायला शिका, असं तिनं सुनावलं, तर ते पेपरात तोंड घालून बसले.

जावई बेकरी चालवायचा. मोठा, मऊ, सावकाश बोलणारा माणूस. त्याच्यात खोट काढायची म्हटलं तर दमछाक व्हावी, आणि बाबांची ती होत होती. निघताना त्यानं वाटेसाठी टिकाऊ पाव भाजून आणले होते, आत खजूर घातलेले. गोटी ते खाताना डोळे मिटून घ्यायची. बाबांनी पहिल्याच दिवशी, मला पाव पचत नाही, असं जाहीर करून टाकलं होतं, त्यामुळे आता त्यांना समोर बसून कोरडी बिस्किटं चावणं भाग होतं. पाव चांगले होते, हे वासावरूनच कळत होतं. परवा तिची चेन उतरली, तेव्हा बाबा सायकल टेकवून, बाह्या सरसावून मागे येईपर्यंत त्यानं ती चढवलीसुद्धा आणि काळे हात स्वतःच्या शर्टाला पुसले. ती हसत होती. बाबा बाह्या खाली करत परतले.

एकच समाधान होतं. त्याला चढ जमत नव्हता. भट्टीजवळ उभं राहणाऱ्याला उन्हाचं काय, असं बाबा सकाळी बोलले होते आणि तो भाबडेपणानं हसला होता. आता तो भात्यासारखा धापा टाकत होता. तो आवाज आपल्या कानाला गोड लागतोय, हे बाबांचं त्यांनाही कळत होतं.

पण ते सुख फार टिकलं नाही. इतका वेळ गोटी बापाच्या चाकाला चाक लावून होती. नवऱ्याची हाक आली तशी ती मागे सरकली. बाबांनी वळून पाहिलं, तर दोघं शेजारी शेजारी मुंगीच्या चालीनं येत होती आणि ती आपल्या बाटलीतलं उरलंसुरलं पाणी त्याच्या मानेवर ओतत होती.

वर रस्ता दुरुस्त करणाऱ्यांची एक पडीक खोली होती. तिथे सावलीत थांबायचं, बाटल्या भरायच्या, असं तिघांचं ठरलं होतं. खोली आली. छप्पर शाबूत होतं, सावलीही ऐसपैस होती. बाबांचा पाय क्षणभर अडखळला. मग त्यांच्या डोळ्यांपुढे आलं ते दृश्य: ती दोघं भिंतीला टेकलेली, तिचा हात त्याच्या कपाळावर, आणि आपण समोर पिशवी धरून उभे, त्यांचे पाणके. ते थांबले नाहीत.

पुढची वळणं त्यांनी रागाच्या भरात काढली. तरणीताठी आहेत, येतील मागून. एरवी आपण आठवतो का? मनातल्या मनात भांडण रंगलं होतं आणि त्यात सगळी उत्तरं त्यांचीच बिनतोड होती. मग एक वळण असं आलं, की तिथून खालचा रस्ता पार दूरपर्यंत दिसत होता. त्यांनी पाहिलं. रस्ता रिकामा होता. ते थांबून राहिले. कोणी आलं नाही. सायकल जरा कलली आणि कॅरिअरवर पाणी डचमळलं. तिघांचं पाणी.

त्यांनी सायकल वळवली. घाम गाळून कमावलेला चढ भराभर हातचा गेला.

खोलीत कोणी नव्हतं. त्याच्याही खाली, रस्त्याखालच्या एका मोरीच्या तोंडाशी दोन सायकली आडव्या पडल्या होत्या. आत जावई उताणा पडला होता, ओठ पांढरे, पोटऱ्यांत गोळे आलेले. गोटी त्याचे पाय चोळत होती. तिनं बापाकडे पाहिलं नाही. पिशवीकडे पाहिलं.

बाबांनी मीठ-साखर कालवून पाणी घोटघोट पाजलं, टॉवेल भिजवून त्याच्या मानेवर आणि काखेत ठेवला. तो उठू पाहत होता.

"पड. हलू नकोस," ते म्हणाले. वर्षभर त्याला अहोजाहो करून त्यांनी हातभर लांब ठेवलं होतं.

हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर रंग आला. तेव्हा कुठे गोटीनं तोंड उघडलं.

"बाबा, ती खोली तुला दिसली नाही का?"

नाही म्हणणं सोपं होतं. असल्या उन्हात डोळे दिपतात. तिलाही तेच ऐकायचं होतं, तिच्या आवाजात ते होतं.

"दिसली," बाबा म्हणाले.

ती पुन्हा नवऱ्याचे पाय चोळू लागली. बोलला तो जावई, मोरीच्या छताकडे बघत. "मी नकोच म्हणत होतो, बाबा. तुमची दोघांची सहल. पण ही म्हणाली, बाबा आता दमतो आणि कबूल करत नाही. एवढ्या उन्हाचं आणखी कोणी सोबत असलेलं बरं."

"तुला गप्प पडता येत नाही का?" गोटी त्याला म्हणाली.

बाबांनी टॉवेल पुन्हा भिजवला. आपल्या माघारी आपल्या दमाबद्दल ही दोघं घरात बोलत बसली होती. काळजीनं बोलली होती, हे कळूनही ते टोचायचं राहिलं नाही.

बऱ्याच वेळानं खालच्या एका दगडखाणीकडून एक छोटा ट्रक आला. चालक म्हणाला, खिंडीपलीकडच्या गावात दवाखाना आहे, केबिनमध्ये दोघं बसतील, तिसऱ्यानं मागे दगडांवर बसावं. जावयाला आधार देऊन बसवलं. गोटी दाराशी उभी राहिली. तिनं वर खिंडीकडे पाहिलं, मग बापाकडे.

"मी येते तुझ्याबरोबर. तो जाईल एकटा, आता बरा आहे."

किती तरी दिवस हेच ऐकायची वाट पाहिली होती. आत काहीतरी उड्या मारायला लागलं, म्हातारं आणि लाजिरवाणं.

"बस त्याच्याजवळ," बाबा म्हणाले. "बाटली हातात ठेव. झोपू देऊ नकोस त्याला." त्यांनी दोघांच्या सायकली उचलून मागे चढवल्या आणि दोरीनं आवळल्या. काका, तुम्हीही चला की, असं चालक म्हणाला. ते म्हणाले, मी येतो मागून.

ट्रक वळणाआड गेला. केबिनच्या मागच्या काचेतून दोन डोकी जवळ जवळ दिसत होती, ती त्यांनी दिसेनाशी होईपर्यंत पाहिली. वाईट वाटायचं ते वाटलंच. मग ते तोच चढ पुन्हा चढू लागले, थांबत थांबत, कुणाला न दाखवता दमत.

खिंडीत वारा होता. पलीकडे डोंगरांच्या रांगांमागे रांगा, उतरत्या उन्हात फिक्या होत गेलेल्या. पाहायला म्हणून इतकी वर्षं राखून ठेवलेलं ते सगळं त्यांनी उभ्याउभ्याच पाहिलं आणि उतार धरला.

सायकलनं वेग घेतला. एका वळणावर दरड सांडून रस्ताभर खडी पसरली होती. बाबांनी ब्रेक दाबला, आणि त्यांचा डावा हात आपसूक पाठीमागे गेला, जमिनीकडे बोट करून हलला, मागून येणाऱ्याला सांगायला, की जपून, इथे दगड आहेत.

मागे रस्ता रिकामा होता. त्यांनी हात परत हँडलवर ठेवला आणि दगड चुकवत खाली उतरत राहिले.