लिव्हरचा नवस

पेशींनी उत्तर दिलं! मुकुटबनच्या फाट्यावर एसटीतून उतरले तेव्हा हे ओरडून सांगायला कुणीच सापडेना, म्हणून तांड्यापर्यंत जवळजवळ पळतच गेले. नागपूरच्या लॅबमध्ये मी वर्षभर उंदरांच्या लिव्हरच्या पेशींवर काम करत होते. वाढीचा निरोप आला की पेशीनं कामाला लागायचं असतं. बरेच दिवस दारूत राहिलेल्या पेशी मात्र ढिम्म. निरोप दारापर्यंत पोचायचा, आत कुणी दखलच घ्यायचं नाही. काल मात्र, दारू बंद केलेल्या पेशींमध्ये थोडी हालचाल दिसली. माझ्या गाईड कुंदा मॅडमनी तीनदा तपासायला लावलं. तिन्ही वेळा तेच!

त्यात सकाळी फोनवर बाचा रिपोर्ट आला. बा म्हणजे माझे वडील लालसिंग, आमच्या बंजारा तांड्याचा नायक, म्हणजे प्रमुख. वीस वर्षं प्यायला, चौदा महिन्यांपासून बंद. लिव्हरचे आकडे चांगलेच उतरले होते.

घरी शिरले, तर अंगणात देवीला निखाऱ्यांवर नैवेद्य द्यायची, भोगाची तयारी. थाळीत निखारे, तूप, लापशी आणि शेजारी मोहाच्या दारूची भरलेली बाटली.

"बा, हे काय?"

"नवस, बेटा!" बाला आनंद मावत नव्हता. "रिपोर्ट चांगला आला तं मेरामादेवीले बाटली चढवीन, असं बोललतो. आला ना चांगला!"

"चढव ना मंग. पण प्रसाद?"

"ज्यानं नवस बोलला त्यानंच घ्या लागते. एकच घोट."

मी भडकले. दारू सुटल्याच्या आनंदात दारू! असलं डोकं आमच्याच घरात चालतं.

"बा, तुह्या पेशीले आत्ता कुठं निरोप कळून राह्यला अशीन. कायले पुन्हा बुडवतं त्याहिले?"

"नायकानंच देवीले देल्ला शब्द मोडला, तं तांडा काय म्हणन?"

एका घोटानं लिव्हर जाणार नव्हतं, हे मला ठाऊक होतं. पण बा एका घोटावर थांबणारा माणूस नव्हता, हे घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं. बाटली उचलून भिंतीवर फोडावी इतका मला राग आला होता, आणि भीती त्याहून जास्त वाटत होती.

निखाऱ्यांवर तूप पडलं. बानं देवीपुढे धार धरली आणि शेवटचा घोट वाटीत घेतला. वास नाकात शिरला तसे त्याचे डोळे मिटले. वाटी ओठांकडे निघाली.

तेवढ्यात माझ्या आईनं, रुपीबाईनं, ती हिसकावली.

"नवस घराचा असते. मी काय घरातली नाही?"

जन्मात दारूला न शिवलेली माझी आई गटकन वाटी प्यायली. तिला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी वाहिलं, तोंड वेडंवाकडं झालं. मी हसत सुटले, रडतही होते.

आईनं पदरानं तोंड पुसलं आणि खरोखरच काही न कळून बाकडे पाहिलं.

"याच्यासाठी?" ती म्हणाली. "वीस वर्सं, याच्यासाठी?"