सात घरांचे लोणी

"आधी पारडं पूस, मग देवाचं नाव घे, आणि मगच वजन ठेव. घाईत ठेवलेलं वजन खोटं बोलतं."

मित्रांनो, हा आवाज माझ्या मालकिणीच्या, ॲनिसच्या, आईचा. ती जाऊन कितीतरी वर्षे झाली, पण मला तो अजून ऐकू येतो. मी एक जुना तराजू आहे. यॉर्कशरमधल्या एका लोकरीच्या गिरणीच्या गावात, चढावरच्या दगडी गल्लीत माझे सारे आयुष्य गेले. लोखंडाचे अंग, पितळेचे पारडे आणि शेजारी लहानमोठ्या वजनांची उतरंड. मला घडवल्यावर एका म्हाताऱ्या कारागिराने माझी दांडी तीनदा तपासली आणि मान डोलावली. माझ्या वाट्याला आलेली पहिली शाबासकी ती.

ॲनिस सटक्लिफ विधवा होती. रोज पहाटे गुडघे टेकून प्रार्थना झाल्याशिवाय ती चहालाही हात लावत नसे. लढाई संपून चार वर्षे झाली होती, तरी लोणी आणि साखर रेशनवरच मिळायची. म्हणून आमच्या गल्लीची एक रीत होती. कोणाच्या घरी लग्न निघाले की सात घरे आपापल्या वाट्यातले लोणी-साखर थोडे थोडे बाजूला काढत. ते सगळे ॲनिसकडे येई, माझ्या पारड्यात तोलले जाई आणि तिच्या हातून त्याची बिस्किटे होत. माझ्या मापावर कधी कोणी बोट ठेवले नाही. खरे सांगतो, मला त्याचा थोडा ताठाही होता.

मग ॲनिसचा मुलगा क्लिफर्ड हवाई दलातून सुटून परत आला आणि पाठोपाठ त्याची बायको आली. लढाईच्या दिवसांत तो विमान चालवायला शिकण्यासाठी अमेरिकेत, जॉर्जियात गेला होता, तिथली ही व्हर्ना. तिने आपल्या पेटीतून पत्र्याचा एक कप काढला आणि माझ्या शेजारी फळीवर ठेवला. तिच्या माहेरी तराजू नव्हताच. मैदा, साखर, दूध, सगळे त्या कपाने.

तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला. उद्या हा कप माझी जागा घेईल का?

पहिल्याच रविवारी व्हर्नाने तिच्याकडची बिस्किटे केली. लहान पावासारखी मऊ, फुगलेली, वरून डुकराच्या चरबीचा पांढरा रस्सा. शेजारच्या बर्था लम आल्या होत्या. त्यांची जीभ म्हणजे कात्री.

"ॲनिस, हे खायचं की डोक्याखाली घ्यायचं गं?"

व्हर्ना कानापर्यंत लाल झाली. मग तिने ॲनिसचे बिस्किट उचलले आणि करकन चावले.

"आई, ही तर आमच्याकडची कुकी! पण केवढी कडक!"

"अगं, चहात बुडव आधी," ॲनिस म्हणाली.

व्हर्नाने बुडवले, आणि इतका वेळ धरून ठेवले की अर्धे बिस्किट तुटून कपाच्या तळाशी गेले.

"गेलं बुडून!" बर्था लम हसल्या. "अमेरिकावालीला साधं बिस्किट धरता येत नाही."

तो शब्द गल्लीत चिकटला. रेशनच्या रांगेत असो की प्रार्थनामंदिराच्या पायरीवर, व्हर्ना आली की 'अमेरिकावाली आली'. ती हसून घेई. पण भांडी घासताना तिचे हात मधेच थांबत, हे फळीवरून मला दिसे.

त्या मे महिन्यात बर्था लम यांच्या मुलीचे, आयव्हीचे, लग्न ठरले. सात घरांचे दीड पौंड लोणी आणि पाऊण पौंड साखर जमायला पाच आठवडे लागले. ॲनिसने तोलून, कागदात बांधून थंड फरशीवर ठेवले. लग्न शनिवारी होते. गुरुवारी दुपारी तिला प्रार्थनामंदिराच्या दालनात लग्नाची मेजे मांडायला बोलावणे आले.

"मी येईपर्यंत हात लावू नकोस हं, पोरी," ती जाताना म्हणाली.

व्हर्ना थोडा वेळ बसून राहिली. मग उठली. तिच्या मनात वाईट काही नव्हते, मित्रांनो. सासू दमून येईल, तोवर बिस्किटे तयार असतील, आणि एकदा तरी गल्ली म्हणेल की पोरीच्या हाताला चव आहे, एवढेच.

ॲनिसच्या कृतीच्या चिठ्ठीत मैदा तीन पौंड लिहिला होता. तिच्याकडे लहानपणापासून एक हिशेब पाठ असतो, कपभर म्हणजे अर्धा पौंड. पाण्याला तो बरोबर, दुधाला बरोबर, लोण्याला बरोबर. तिने बोटांवर मोजले आणि सहा कप मैदा घेतला.

मी हादरलो. मैदा हलका असतो! तीन पौंडांच्या जागी जेमतेम पावणेदोन पौंड पडला होता. मी तिथेच होतो, हातभर अंतरावर. पण तराजूला वाचा कुठे? त्याच्यात काही ठेवले तरच तो बोलतो.

पीठ सैल झाले. ॲनिसला ते बघताच कळले असते, कारण तिचे पीठ लाटण्याने लाटायचे आणि पेल्याने कापायचे. पण व्हर्नाच्या घरी कुकीचे पीठ सैलच असते, चमच्याने सोडायचे. तिने आनंदाने चोवीस गोळे पत्र्यावर सोडले, उरलेले पीठ भांड्यातच ठेवले आणि पत्रा ओव्हनमध्ये सारला.

वीस मिनिटांनी दार उघडले तर चोवीस बिस्किटांचे एकच झाले होते. तुपकट, कडेला काळे, पत्र्याला घट्ट चिकटलेले.

ॲनिस आली तेव्हा व्हर्ना जमिनीवर बसली होती.

"मी परत जाते, आई. मला इथलं काहीच जमत नाही. गल्लीचं लोणी गेलं."

ॲनिस रागावली नाही. तिचा चेहरा मात्र पांढरा पडला होता. तिने भांड्यात उरलेले पीठ बोटाने चाचपले.

"सगळं नाही गेलं. तू मैदा कशाने घेतलास, दाखव मला."

व्हर्नाने कप भरून दिला. ॲनिसने माझे पारडे पुसले आणि तो मैदा त्यात ओतला. दुसरीकडे अर्धा पौंड ठेवला. वजन धपकन खाली बसले, मैदा वरच तरंगत राहिला. मग तो काढून पाव पौंड ठेवला. मैदा हळूच खाली आला.

व्हर्ना माझ्या दांडीवर वाकली.

"अर्धाच!" व्हर्ना म्हणाली. "म्हणजे माझा हात वाईट नाही?"

"हात चांगला आहे गं. मैद्यानं फसवलं. आणि मी तरी तुला कधी शिकवलं? तू मला विचारलं नाहीस, मी तुला सांगितलं नाही."

मैद्याला रेशन नव्हते. वाया गेलेला भाग वजा करून ॲनिसने कमी पडलेला मैदा तोलला, आणि या वेळी वजने व्हर्नाने ठेवली. बाकीची बिस्किटे उभी राहिली. पण दोन डझन गेली ती गेलीच.

संध्याकाळी क्लिफर्ड कामावरून आला. सगळे ऐकून म्हणाला, "पाहुणे काय बिस्किटं मोजत बसणार आहेत? गॅस कमी आला म्हणून सांगा."

"पाहुणे नाही मोजणार रे," ॲनिस म्हणाली, "पण लोणी सात घरांचं होतं. मी सांगते बर्थाला."

"नको, आई." व्हर्ना पुढे आली. "त्या हॅलिफॅक्सच्या बाजारातून परत आल्या की मी जाईन. मी एकटी. वचन देते."

मित्रांनो, आज मी त्याच फळीवर आहे. पारड्यावर धूळ आहे, सर्वांत लहान वजन कुठे तरी हरवले आहे. जमले तर घरातल्या जुन्या वस्तू अधूनमधून पुसत जा. पण त्याहून एक मोठी विनवणी आहे. दुसऱ्याच्या घरचे माप वेगळे दिसले की हसू नका. जवळ बसा, विचारा, आपले दाखवा. त्या दुपारी मी आणि तो पत्र्याचा कप, दोघेही खरेच होतो. फक्त आमची ओळख कोणी करून दिली नव्हती.

त्या गुरुवारी सहा वाजता खाली रस्त्यावर बस थांबल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने बर्था लम यांच्या दाराची कडी वाजली. क्लिफर्ड खुर्चीतून अर्धा उठला, ॲनिसने त्याला हातानेच बसवले. व्हर्नाने ॲप्रन काढून खुंटीला लावला. तो जळका तुकडा तिने एका बशीत घेतला, वर फडके मात्र घातले नाही. मग कोणाकडेही न बघता तिने दार उघडले आणि ती बर्था लम यांच्या घराकडचा चढ चढू लागली.