अठ्ठावन्न किलोंच्या आत

माणूस दोन पायांवर ताठ उभा राहिला तो माझ्या जोरावर. मी नसतो, तर ना कुणी गड चढलं असतं, ना पर्वती. सध्या सोफ्यावरून उठताना मला टीपॉयचा आधार लागतो, तो भाग वेगळा.

मित्रांनो, मी एक जुना स्नायू आहे. मुक्काम उजवी मांडी. आमचे मालक उत्तरेश्वरराव, निवृत्त पोस्टमन. तीस वर्षं त्यांनी नारायण पेठेत सायकलवरून टपाल वाटलं आणि तिथला प्रत्येक जिना मी चढलो. तेव्हा मी घट्ट होतो, लालबुंद होतो. टपाल वेळेवर आलं की लोक सायकलचं कौतुक करत. माझं नाव कुणी घेत नसे.

निवृत्तीनंतर आम्ही बिबवेवाडीत लिफ्टच्या इमारतीत राहायला आलो. मालक सोफ्यावर बसले, त्यांच्याबरोबर मीही बसलो. काम सुटलं तसा मी बारीक होत गेलो. रिकामी झालेली जागा चरबीनं हेरली. आधी एक रेघ आली, मग तिचे नातेवाईक आले आणि माझ्या धाग्याधाग्यांत बिऱ्हाड थाटून बसले. रक्तातली साखर उचलणं हे माझंच काम. तेही अर्धवट होऊ लागलं.

बाहेर कुणाला पत्ता नव्हता. मालक दर रविवारी वजनकाट्यावर उभे राहत. "अठ्ठावन्न! लग्नात होतो तेवढाच! पट्ट्याचं भोकसुद्धा तेच."

"भोक तेच आहे हो," त्यांच्या पत्नी मुक्ताई भाजी निवडत म्हणत. "पण काल बसमध्ये चढताना कंडक्टरनं हात दिला, तो काय ओळखीचा होता?"

गेल्या श्रावणात घरी सत्यनारायण होता. कथा संपली, घंटा वाजली, सगळे आरतीला उठले. मालक पाटावर बसलेलेच. ते मला उठायचे हुकूम सोडत होते आणि मी नुसता थरथरत होतो. गुरुजींना वाटलं, यजमान तल्लीन झालेत. मुक्ताईंना मात्र कळलं. पदर सावरण्याच्या निमित्तानं त्या वाकल्या आणि मालकांच्या काखेत हात घालून त्यांनी त्यांना उभं केलं.

पाहुणे गेल्यावर मालक हळूच म्हणाले, "पुढच्या वर्षी पूजा नको."

दुसऱ्याच दिवशी मुक्ताईंनी मालकांना डॉक्टर पूर्णिमाकडे नेलं. साखर वाढलेली निघाली, मग मांडीचा स्कॅनही झाला. आयुष्यात पहिल्यांदा माझा फोटो निघाला, तोही अंगभर पांढऱ्या रेघांचा.

"काका, वजन तेवढंच आहे, पण स्नायू गेला आणि त्याच्या आत चरबी आली. ही वरून दिसत नाही. ताकद कमी होते, साखर वाढते, हृदयालाही धोका वाढतो."

"पण मी बारीक आहे!"

"बारीक आहात. बळकट नाही."

पत्ता चुकला हे पोस्टमनला चटकन कबूल होत नाही. शेवटी मालकांनी विचारलं, "जाईल का ही?"

"कमी होऊ शकते. चाला, आणि मांड्यांना काम द्या."

तेव्हापासून मुक्ताईंचा नियम झाला. चहाआधी खुर्चीवरून दहा वेळा उठायचं, हात न टेकता.

"झाले दहा."

"आठ झाले. अहो, मलाही मोजता येतं. आणि चहा निवतोय."

यंदाही पूजा झाली. घंटा वाजली. मुक्ताईंनी हात पुढे केला आणि मालकांच्या अंगाला न लावता तसाच धरून ठेवला. मी एकदा थरथरलो. दुसऱ्यांदा ताठ झालो. मालक आपले आपण उभे राहिले. आरती घेताना मुक्ताईंनी तोच हात डोळ्यांना लावला, जरा जास्तच वेळ.

मित्रांनो, माझी खुशाली वजनकाट्याला विचारू नका. आत कोण राहतं, ते त्याला कळत नाही. मला रोज थोडं काम द्या. म्हातारपणी मी तुम्हाला पाटावर बसवून ठेवणार नाही.

आणि ते गुरुजी कुठे भेटलेच, तर एवढं सांगा: पुढच्या वर्षी घंटा जरा सावकाश वाजवा.