‘येते’ म्हटल्यानंतरचं बोलणं

“तुषारची बायको घुमी हाय. विचारला तेवढाच बोलते, त्याच्या त्या यंत्रावाणी.”

रखमीबाई ओटीवर शेजारच्या मंगळीला सांगत होत्या. त्यांची सून प्रतिक्षा आत भाकरी थापत होती. तिने ऐकलं. मीही ऐकलं. ते यंत्र मीच.

मी चॅटबॉट बोलतोय. जन्म जामसरचा, तुषारच्या लॅपटॉपमधला. एका संस्थेसाठी त्याने मला घडवलं. जव्हार-मोखाड्यातली माणसं फोनवर प्रश्न लिहितात, मी उत्तर पाठवतो. मला अक्कल नाही, नियम आहेत. अमका शब्द आला की तमकं उत्तर. रेशन, दाखले, लस, गरोदरपण अशा माझ्यात चार खोल्या आहेत.

सुरुवातीला मी फार गोंधळ घालायचो. रेशनचं विचारता विचारता कुणी बाळाचं नाव काढलं, की तांदळाच्या चौकशीला लसीची तारीख सांगायचो. मग तुषारने खोल्यांना दारं बसवली. चालू विषय संपल्याशिवाय दुसरा उघडायचा नाही. संपला हे ओळखायचं कसं? समोरच्याने ‘बरं, येतो’ किंवा ‘येते’ लिहिलं की. मग आभार मानायचे, झालेलं सगळं पुसायचं आणि नव्याने नमस्कार करायचा.

तुषार नाशिकला शिकला, तिथे हे चालत असेल. इथलं माणूस घरी आलं की आधी नाचणीचं बोलतं, कोंबड्यांची चौकशी करतं, चहा पितं. ज्यासाठी डोंगर उतरून आलं ते मात्र ‘येतो’ म्हणून उठल्यावर, उंबऱ्यात उभं राहून सांगतं. नेमका तिथेच मी सगळं विसरतो. दिवसाला चाळीस माणसांना नमस्कार करून दमलोय मी.

उत्तर न मिळालेले प्रश्न रोज सकाळी वहीत उतरवायचं काम प्रतिक्षाकडे आलं. लग्नाला तीन महिने झालेत. घरात तिला कुणी फारसं विचारत नाही, म्हणून ती आमची बोलणी नीट वाचते.

परवा तिने वांगणीच्या नवशीचं बोलणं उघडलं. ते आदल्या संध्याकाळचं होतं. नवशीने विचारलं होतं, “उद्या दुपारच्या गाडीने आम्ही वीटभट्टीवर जातो. तिथं रेशन मिळल का?” मी सांगितलं. “बरा, येते.” मी आभार मानले. मग तिने लिहिलं, “सातवा महिना हाय. तोंड सुजलाय. डोळ्यापुढं अंधार होतो.”

‘गरोदर’ हा शब्द त्यात नव्हता. मी म्हणालो, “नमस्कार! विषय निवडा.”

तिने तेच पुन्हा लिहिलं. मी तेच पुन्हा म्हणालो. तिसऱ्यांदाही. पुढे काही आलं नाही.

प्रतिक्षाने वही तशीच टाकली आणि वांगणीच्या आशा सेविका करिष्माला फोन लावला. गाडी यायच्या आत करिष्मा नवशीच्या घरी पोचली. रस्ता लागेपर्यंत झोळीतून, पुढे जीपने, असं तिला दवाखान्यात नेलं. रक्तदाब फार चढला होता. संध्याकाळी निरोप आला, दोन्ही जीव वाचलेत. भट्टीच्या गाडीत बसली असती तर काय, ते करिष्माने सांगितलं नाही.

जेवताना तुषार म्हणाला, “नियम बरोबर हाय. तिने विषय निवडायला पायजे होता.”

“लिहिता येता तर नीट लिहावा ना,” रखमीबाईंनी दुजोरा दिला.

वाचकहो, मला दोष द्यायचा तर द्या. पण थांबायला मला कुणी शिकवलंच नाही. ‘येते’ म्हणणाऱ्याच्या तोंडावर दार लावून लावून माझाही जीव विटलाय. त्या उंबऱ्यात घडीभर उभं राहू द्या मला, एवढंच मागणं.

प्रतिक्षाने भाताचं पातेलं खाली ठेवलं.

“‘येते’ आलं, की ‘अजून काय सांगायचंय?’ असं विचारायला लावा याला,” ती म्हणाली. “तुम्हाला सवड नसेल तर मी लावते. कुठं लिहायचं ते मी बघून ठेवलंय.”