पंधरावी काठी

आता चिमी म्हणजे कुणी शाळकरी पोरगी नाही हं. बेचाळीस वर्षांची बाई, दातांची डॉक्टर, स्वतःचा दोन खुर्च्यांचा दवाखाना. बाहेर बाकावर गाल धरून बसलेली माणसं, आणि आत गेलं की भलेभले गप्प. पण दादासाठी ती चिमीच. आणि दादाची हाक म्हणजे अख्ख्या मैदानाला ऐकू जाणारी, "चिमेऽऽ, कोपर आत!" त्यामुळे गोल्फ क्लबात तिची डॉक्टरकी गेली उडत, माळ्यापासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांची ती चिमीताई.

दादाचं खेळाच्या सामानाचं दुकान. एकेकाळी तो क्लबचा चँपियन, आता क्लबच्या टीमचा कप्तान. चिमीला गोल्फ शिकवला त्यानेच. त्यामुळे तिच्या बॅगेत काय असावं आणि काय नसावं हे ठरवायचा हक्क आपल्याला जन्मतःच मिळालाय, असा त्याचा पक्का समज.

बरं, ज्यांनी गोल्फ नुसता टीव्हीवर चॅनल बदलताना बघितलाय, त्यांच्यासाठी एवढंच सांगायचं, की लांबचा फटका मारायला, या गोष्टीपुरत्या, दोन तऱ्हेच्या काठ्या असतात. एक लाँग आयर्न. लांब दांडा आणि खाली सुरीसारखं पातळ पातं. नीट बसला तर स्वर्ग, नाही बसला तर हातापासून खांद्यापर्यंत झिणझिण्या आणि चेंडू तिथेच चार हातांवर. दुसरी हायब्रिड. तिचं डोकं मागून फुगीर, गुबगुबीत, चेंडू गवतात रुतलेला असला तरी अलगद उचलून देणारी. झालं, एवढं पुरे.

तर दोन वर्षांपूर्वी चिमी दादाच्या दुकानात गेली आणि म्हणाली, "दादा, मला एक हायब्रिड दे ना." दुकानात गिऱ्हाइकं होती, आणि गिऱ्हाइकं असली की दादाला चेव येतो. तो म्हणाला, "कुबडी हवी का, चिमे? अजून पाय शाबूत आहेत ना तुझे?" सगळे हसले. चिमीही हसली, आणि घरी जाऊन उशीवर दोन बुक्क्या मारल्या. मग तिने तीन नंबरचं आयर्न धरलं. रोज सकाळी दवाखाना उघडायच्या आधी, थंडीत, बोटं बधिर झालेली, नुसतं खणखण खणखण. दुपारी पेशंटच्या तोंडात आरसा धरला की मनगट ठणकायचं. पण पठ्ठीने सोडलं नाही. शेवटी एक दिवस तो चेंडू असा काही सुटला, खालून, सरळ, वाऱ्याच्या पोटातून, की रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, असलेले दोघंतिघं हातातलं सोडून बघत राहिले. दादाने संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला सांगितलं, "मीच शिकवलंय तिला."

आणि मग आली बायकांची फायनल. जिंकेल तिला क्लबच्या टीममध्ये जागा. बायकांसाठी जागा एकच, आणि चिमी तीन वर्षं त्या एका जागेवर डोळा ठेवून. समोर कोण, तर हेडबाई. शाळेतून रिटायर झालेल्या मुख्याध्यापिका, गुडघ्यांना दोन पट्टे, बॅगेत चार हायब्रिड, आणि चारींना स्वतः विणलेल्या लोकरी टोप्या. फटका जेमतेम जायचा, पण जायचा तो सरळच जायचा, जणू चेंडूलाही वाकडं जायची परवानगी नाही.

त्या सकाळी दादा चिमीचा कॅडी. म्हणजे ट्रॉली ओढायची, सल्ला द्यायचा. सल्ला तर तो एरवीही फुकट द्यायचा. होल म्हणजे भोक, अशी अठरा, आणि कमी फटक्यांत चेंडू आत घालेल तिचा तो होल. पहिला होल चिमीने घेतला, दुसरा बरोबरीत. चिमी एकने पुढे. तिसऱ्या होलच्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, आल्या तेव्हा हेडबाई बाकावर बसून थर्मासमधली कॉफी ओतत होत्या. चिमीचे हात दवाने ओले झालेले, म्हणून तिने बॅगेवर टाकलेला टॉवेल उचलला.

टॉवेलखाली एक डोकं. काळंभोर, फुगीर, नवंकोरं. गळ्याला प्लॅस्टिकचा कागद तसाच चिकटलेला.

"दादा, हे काय आहे?"

"काय काय आहे?"

"हे!"

दादाने असं बघितलं जणू कुणाचं तरी पोर चुकून आपल्या घरात शिरलंय. "अगं, ती... हायब्रिड आहे."

"ते कळतंय मला. माझ्या बॅगेत काय करतेय?"

"हळू बोल ना. मीच ठेवली सकाळी. सेमीफायनलला तीन नंबरने तळ्यात घातलास ना चेंडू, माझी झोप उडाली. म्हटलं ऐन वेळी हातात देईन, चकित होशील. आधी सांगितलं असतं तर तुला टेन्शन आलं असतं. तीन नंबर काढून डिकीत ठेवला मी, म्हणजे हिशेब बरोब्बर..." आणि दादाचं बोलणं तिथेच थांबलं, कारण त्याला बॅगेत तीन नंबर दिसला. "हा... हा इथे कसा आला?"

"मी आणला! टोपी घ्यायला गेले तर डिकीत पडलेला. म्हटलं बॅगेतून घसरला असेल!"

"अगं मग मला सांगायचं नाही का?"

"मी? मी सांगायचं? मी तुला सांगायचं?"

आता यातली भानगड अशी, की बॅगेत काठ्या चौदाच चालतात. चौदाच्या वर एक जरी झाली, तरी जितके होल तिच्यासकट खेळलात तितके तुमच्या खात्यातून कापले जातात, जास्तीत जास्त दोन. आणि दोन होल खेळून झालेले होते.

दादाने मान वळवून हेडबाईंकडे पाहिलं. त्या कॉफीवर फुंकर घालत होत्या. मग तो चिमीच्या कानाशी आला. "हे बघ, त्यांनी पाहिलेलं नाही. मी ट्रॉली घेऊन जरा त्या झाडामागे जाऊन येतो. लघवीला गेलो असं सांग."

चिमीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. एवढ्या लाल, की दादा आपणहून एक पाऊल मागे सरकला.

"हेडबाई!" चिमी ओरडली, "माझ्या बॅगेत पंधरा काठ्या आहेत!"

हेडबाईंनी कप खाली ठेवला. "नीट मोजल्यास?"

"मोजल्या."

"परत मोज." परत मोजल्या. पंधरा. हेडबाईंनी मान हलवली. "मग दोन होल गेले. एकने पुढे होतीस, आता एकने मागे. वाईट वाटतंय असं काही मी म्हणणार नाही, खोटं बोलायची सवय नाही मला. आणि सोडून देते म्हटलं तर दोघींनाही बाद करतील. आता पंधरातली एक बाजूला काढ आणि बॅगेत उलटी खोच, म्हणजे ती बाद. कुठली काढायची ते तुझं तू ठरव."

"हायब्रिड काढ, चिमे," दादा लगेच म्हणाला. "माझी चूक झाली, कबूल. विषय संपला." आणि श्वासही न घेता, "थांब थांब, रफमध्ये गवत वाढलंय आज. तीन नंबरच काढ. नाही, पण वारा समोरून आहे. असं कर, हायब्रिडच..."

"दादा, गप्प!"

असा आवाज त्या मैदानाने कधी ऐकला नव्हता. पलीकडच्या होलवर पट मारणारा, म्हणजे चेंडू अलगद भोकात ढकलू पाहणारा माणूस दचकला, आणि त्याचा चेंडू गेला भलतीकडे.

"माझ्या खुर्चीत माणूस येऊन बसतो ना, सुजलेला, रडवेला, एका मिनिटात दात उपटून टाकेन अशी अवस्था, तरी मी त्याला आधी विचारते! काढू का म्हणून विचारते! कुणाच्या तोंडात न विचारता हात घातला नाही मी आजवर! आणि तू? मी हायब्रिड मागितली तेव्हा तू चार लोकांत मला हसलास. मग आयर्नवर माझी मनगटं मोडायला लावलीस. आणि आता आयर्न यायला लागलं, तर चोरासारखी हायब्रिड घातलीस! हे आयर्नही तुझं, ती हायब्रिडही तुझी, आणि मी यातली एक निवडायची? यात माझं काय आहे रे? मी कुठे आहे?"

"अगं, तुझ्या भल्यासाठीच..."

"माझं भलं माझ्या बॅगेत मी ठेवीन!"

हेडबाईंनी कॉफीचा एक घोट घेतला आणि शांतपणे म्हणाल्या, "चालू दे, घाई नाही."

आता दादाला काय ठाऊक, की गुरुवारी दवाखाना अर्धा दिवस बंद असतो आणि चिमी रेंजवर जाऊन भाड्याची हायब्रिड मारत असते! दोन वर्षं! तिला चांगलं माहीत होतं, की गवतातून हायब्रिड लोण्यासारखी निघते पण तिच्या हातून जराशी डावीकडे जाते. समोरून वारा असला की आयर्नला तोड नाही. उंच गवतात मात्र आयर्न म्हणजे नुसती कुदळ. सगळं माहीत होतं. कुणी विचारलं असतं, तर तिने सांगितलं असतं. इतकी साधी गोष्ट.

तिने बॅगेत हात घातला, पाच नंबरचा वूड, म्हणजे ठोकळ्यासारख्या मोठ्या डोक्याची काठी, बाहेर काढला आणि उलटा करून खोचला.

दादाचं तोंड उघडंच राहिलं. "वूड? अगं, तो मी तुला वाढदिवसाला..."

"हो. तेव्हाही विचारलं नव्हतंस. मला तो कधीच आवडला नाही. चांगल्या जमिनीवरून त्याचं सगळं काम हायब्रिड करते. आयर्न राहील वाऱ्याला, हायब्रिड राहील गवताला." मग तिने ट्रॉलीचा दांडा त्याच्या हातातून ओढून घेतला. "आणि बॅग ओढणाराही बाद."

दादा झाडांच्या कडेकडेने मागून येत राहिला, हाकलून दिलेल्या कुत्र्यासारखा. म्हणजे जातही नाही आणि जवळही येत नाही.

रागाच्या भरात चांगलं खेळता येत नाही असं सगळे म्हणतात. चिमीचा हायब्रिडचा पहिला फटका तसाच गेला, डावीकडे, थेट वाळूत. तो होल गेला, दोनने मागे. झाडांतून "कोपर..." असं अर्धवट ऐकू आलं. चिमीने नुसती मान वळवली. पुन्हा आवाज नाही. मग मात्र ती जमिनीवर आली. राग होता तिथेच होता, पण पोटात, हातात नाही. सातव्याला वारा असा सुटला की हेडबाईंचा उंच गेलेला चेंडू हवेतच थबकला आणि खाली पडला, आणि चिमीने आयर्नने त्याच वाऱ्याखालून चेंडू सरपटत नेला. होल तिचा. बाराव्याला गुडघाभर गवतातून हायब्रिड, चेंडू ग्रीनवर, भोकाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर. होल तिचा. बरोबरी! सोळाव्याला हेडबाईंनी लांबून पट घातला, आणि चिमी पुन्हा एकने मागे. सतराव्याला कुणीच ऐकेना, होल बरोबरीत.

अठरावा, शेवटचा. चिमीला जिंकायलाच हवा. आणि चेंडू कुठे, तर रफमध्ये, गवतात, नुसता वरचा पांढरा ठिपका दिसणारा. झाडांपाशी दादाने दोन्ही हात डोक्यावर ठेवलेले. चिमीने हायब्रिड काढली. गळ्याला चिकटलेला तो प्लॅस्टिकचा कागद तिने आत्ता कुठे फाडला. थोडं उजवीकडे निशाण धरलं, कारण डावीकडे जाणार हे तिला ठाऊक होतं, आणि मारला.

काय गेला म्हणता! उंच, मग वळत वळत डावीकडे, आणि झेंड्यापासून काठीभर अंतरावर टप्प्यातच बसला. हेडबाईंनी स्वतःची हायब्रिड बगलेत धरून टाळ्या वाजवल्या. मग शांतपणे चालत ग्रीनवर गेल्या. त्यांचा चेंडू ग्रीनच्या पार दुसऱ्या टोकाला. वाकल्या, गुडघा कुरकुरला, पट मारला, आणि तो निघाला सरळ, सरळ, सरळ. थेट भोकात. चिमीनेही आपला घातला. होल बरोबरीत. चिमी हरली, एकने.

म्हणजे त्या दोन होलांनी हरली. नुसता खेळ बघितला, तर जिंकली होती.

हेडबाईंनी हात मिळवला. "डॉक्टर, आज तू माझ्यापेक्षा चांगली खेळलीस. दोन होल तुझ्या भावाने जिंकून दिले मला. चहा पाजायला हवा त्याला."

आणि तेवढ्यात भाऊ आलाच, धापा टाकत, डोळे ओलेबिले करून. "चिमे, तू काळजी करू नकोस. मी कमिटीशी बोलतो. चूक माझी, तुला कशाला शिक्षा! कप्तान आहे मी, जागा तुलाच मिळेल. तसंही हेडबाईंचे गुडघे काही पूर्ण सीझन टिकायचे नाहीत, त्यांना मी समजावून..."

"माझ्या गुडघ्यांबद्दल," हेडबाई म्हणाल्या, "मला विचारलं असतंस तरी चाललं असतं."

"खबरदार!" चिमी म्हणाली. "खबरदार कमिटीकडे गेलास तर! त्या जिंकल्यात. नियमाने जिंकल्यात. जागा त्यांची. मी हरले तेसुद्धा तू माझ्याकडून काढून घेणार का?"

ट्रॉली तिनेच ढकलली, बॅग तिनेच डिकीत टाकली, आणि गाडी सुरू केली तेव्हा दादा बाजूला बसला होता, पट्टा लावून, हात मांडीवर. वाटेत त्याने फक्त एकदा विचारलं, "काच खाली करू का?" ती म्हणाली, "कर."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन पेशंटच्या मधल्या वेळात चिमी पांढऱ्या कोटातच दुकानात शिरली आणि ती हायब्रिड काउंटरवर ठेवली.

"अगं, ठेव की! घरचंच दुकान. आणि शेवटची काय लागली ती!"

"लागली. पण ही तू निवडलेली आहे. मला हायब्रिड घ्यायची आहे."

"मग तुझ्यासाठी ना, चिमे, एकदम मस्त एक..." दादाने भिंतीकडे हात नेलासुद्धा. मग त्याने तिच्याकडे बघितलं. ती कोटाच्या खिशात हात घालून उभी. दादाचा हात हळूहळू खाली आला. गिऱ्हाइकांना दिवसभर न अडखळता म्हणतो ते एवढंसं वाक्य, पण आज त्याआधी त्याने स्वच्छ काउंटर पुन्हा एकदा पुसून घेतलं.

"काय... काय दाखवू?"

"सगळ्या."

दादा स्टुलावर चढला. एकेक करून खाली देत गेला. चिमी प्रत्येक हातात धरायची, मूठ आवळायची, सैल सोडायची, खाली टेकवून पातं बघायची, सावकाश, पेशंट खोळंबलेत तर खोळंबू देत म्हणून. दर वेळी दादाचं तोंड उघडायचं आणि दर वेळी तो ते मिटायचा. तिसरीला तर त्याच्या कपाळावर घाम आला.

"ही नको," चिमी म्हणाली. "पुढची."